अडीच लाख येन: युनिट ७३१, एक सौदा आणि ३४ वर्षांनी उघडलेले कागद

दस्तऐवज (धागाकर्ता)

एडविन हिल हे कॅम्प डेट्रिक येथील, म्हणजे अमेरिकेच्या जैविक अस्त्रांच्या संशोधन केंद्रातील, शास्त्रज्ञ होते. १९४७ च्या अखेरीस ते टोकियोला गेले, तिथे काही जपानी डॉक्टरांना भेटले आणि १२ डिसेंबर रोजी त्यांनी आपला अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या शेवटी त्यांनी हिशेब मांडला आहे. ही माहिती मिळवण्यासाठी जपानी शास्त्रज्ञांना लक्षावधी डॉलर आणि कित्येक वर्षे खर्च करावी लागली; माणसांवर प्रयोग करण्याला आपल्याकडे सदसद्विवेकाची आडकाठी असल्यामुळे आपल्या प्रयोगशाळांत ती मिळणे शक्य नव्हते; आणि आपल्याला तिच्यासाठी आजवर पडलेला खर्च अडीच लाख येन, म्हणजे मूळ खर्चाच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. ज्यांनी स्वेच्छेने ही माहिती दिली त्यांच्यावर तिच्यापायी नामुष्कीची वेळ येऊ नये, अशी आशाही ते व्यक्त करतात.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा 'सदसद्विवेकाची आडकाठी' या शब्दांवर बराच वेळ थांबलो होतो. आपल्याकडे विवेक आहे म्हणून आपण हे केले नाही, आणि आपण केले नाही म्हणून ते इतरांकडून विकत घेतले, असा याचा सरळ अर्थ होतो. आणि लिहिणाऱ्याला त्यात काही लपवण्यासारखे वाटलेले दिसत नाही, कारण हा कागद बाहेरचे कोणी वाचणार नाही याची त्याला खात्री होती.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईशान्य चीनमधील मांचुरियातल्या हार्बिन शहराजवळ पिंगफांग येथे जपानी सैन्याचे युनिट ७३१ होते आणि त्याचे प्रमुख शिरो इशिई नावाचे लष्करी डॉक्टर होते. बाहेर सांगताना हा रोगप्रतिबंध आणि पाणीशुद्धीकरण विभाग होता. आत कैद्यांना प्लेग, अँथ्रॅक्स, कॉलरा यांची लागण केली जात असे, हातपाय गोठवून हिमदंशाचे प्रयोग केले जात असत आणि रोग शरीरात कुठवर पोचला हे पाहण्यासाठी जिवंत माणसांची चिरफाड होत असे. कैद्यांना तिथे 'मारुता' म्हणत. या शब्दाचा अर्थ लाकडाचा ओंडका. त्यांत बहुतेक चिनी होते, शिवाय रशियन, कोरियन आणि मंगोलही होते. पुढे एका अधिकाऱ्याने दिलेल्या जबानीवरून एकट्या पिंगफांगमध्ये मारल्या गेलेल्यांची संख्या किमान ३,००० धरली जाते. विमानातून प्लेगग्रस्त पिसवा टाकून जी गावे आणि शहरे आजारी पाडली, निंगबो (१९४०) आणि चांगदे (१९४१) ही त्यांतली दोन, तिथले मृत्यू यात नाहीत. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आत शिरल्या तेव्हा उरलेल्या कैद्यांना ठार करण्यात आले, इमारती उडवण्यात आल्या आणि सर्वांना तोंड बंद ठेवण्याचा हुकूम झाला.

युद्धानंतर अमेरिकेने एकामागून एक चार पाहण्या केल्या. सुरुवातीला जपानी डॉक्टरांनी माणसांवरील प्रयोगांचा इन्कार केला. जानेवारी १९४७ मध्ये सोव्हिएत पक्षाने आपल्या ताब्यातील दोन जपानी अधिकाऱ्यांच्या जबान्यांच्या आधारे इशिई यांची चौकशी करू देण्याची मागणी केली आणि मग सौद्याला वेग आला. ६ मे १९४७ रोजी जपानमधील अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या मुख्यालयातून वॉशिंग्टनला तार गेली, की स्वतःला, वरिष्ठांना आणि हाताखालच्यांना युद्धगुन्ह्यांपासून लेखी अभय मिळाल्यास इशिई सगळे सविस्तर सांगायला तयार आहेत. १ ऑगस्ट १९४७ च्या आंतरविभागीय टिपणात निष्कर्ष निघाला, की राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने या माहितीचे मोल खटला चालवून मिळणाऱ्या मोलापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि ती गुप्तवार्ता विभागाच्या कक्षेतच राहावी, युद्धगुन्ह्यांचा पुरावा म्हणून वापरली जाऊ नये.

आता याच महिन्यात दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. न्यूरेंबर्ग येथे अमेरिकी न्यायाधीशांपुढे २३ जर्मन आरोपींवर, त्यांत बहुतेक डॉक्टर, माणसांवरील प्रयोगांसाठी खटला चालू होता आणि २० ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना शिक्षा सुनावण्यात आल्या. १६ जण दोषी ठरले, त्यांपैकी सात जणांना जून १९४८ मध्ये फाशी झाली. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे आजही प्रत्येक वैद्यकीय संशोधकाला शिकवले जाणारे सूत्र त्याच निकालपत्रातले आहे. म्हणजे एकाच सरकारने एकाच महिन्यात एका खंडात हे सूत्र घालून दिले आणि दुसऱ्या खंडात ते मोडणाऱ्यांना अभय देण्याचा निष्कर्ष कागदावर उतरवला.

हे सगळे जगासमोर नीट आले ते जॉन पॉवेल या पत्रकारामुळे. माहितीस्वातंत्र्य कायद्याखाली मिळवलेल्या कागदांच्या आधारे त्यांनी १९८० मध्ये एक आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये 'बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स'मध्ये दुसरा लेख लिहिला. त्यांनी कुठे चोरून प्रवेश केला नाही, कुणा खबऱ्याला रात्री भेटले नाहीत. कागद मागितले, वाचले आणि तारखांप्रमाणे एकापुढे एक लावले.

माझे म्हणणे असे आहे की या प्रकरणातली गोपनीयता अस्त्राचे रहस्य जपण्यासाठी जितकी होती, त्याहून जास्त ती सौदा जपण्यासाठी होती. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल, विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांचे.

---

उत्तरायण

मांडणी चांगली आहे, पण १९४७ साली त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या जागी क्षणभर जाऊन पाहावे असे मला वाटते. युनिट ७३१ चे काही अधिकारी सोव्हिएत कैदेत होते. त्यांच्याकडून तीच माहिती काढून घेतली जाणार हे उघड होते. खुला खटला चालवला असता तर प्रत्येक तपशील न्यायालयात वाचला गेला असता आणि तो साऱ्या जगाला उपलब्ध झाला असता. जैविक अस्त्र कसे बनवावे याची जाहीर शिकवणी देणे हेही नैतिक नव्हते. मेलेली माणसे परत येणार नव्हती. जिवंत माणसांचे रक्षण करणे हे त्या अधिकाऱ्याचे काम होते. मी त्या निर्णयाचे समर्थन करत नाही, पण तो हलक्या मनाने घेतला गेला असे मानणेही मला अन्यायाचे वाटते.

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

उत्तरायण, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण कागदांतही तो आहे. पण त्याच कागदांत आणखी काही आहे. परराष्ट्र खात्याच्या बाजूने त्या वेळी हरकत नोंदवली गेली होती, आणि ती अशी, की लेखी आश्वासन देऊ नये, कारण ते पुढे अमेरिकेला मोठ्या नामुष्कीचे कारण ठरू शकेल. माहिती लेखी हमीशिवायही मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ही हरकत नीट वाचली की दिसते, की खटला चालवावा असे तिचे म्हणणे नाही, खूण मागे राहू नये एवढेच आहे. अस्त्राचे तपशील शत्रूला कळू नयेत, ही काळजी मला समजू शकते. खटल्याचा काही भाग बंद दाराआड चालवता येतो आणि तसे खटले चालतातही. पण आपण कुणाला सोडले हे आपल्याच लोकांना कळू नये, ही काळजी वेगळी आहे, आणि १९४७ मध्येच ती वेगळी करून लिहिलेली आहे. हिल यांच्या अहवालातही नामुष्की आणि इथेही नामुष्की. या दोन्ही कागदांत ज्यांची नामुष्की टाळायची आहे त्यांत पिंगफांगचा एकही कैदी नाही.

---

पेट्रीपात्र

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे 'मोल' या शब्दाबद्दल लिहिते. चर्चेत बहुतेक वेळा असे गृहीत धरले जाते की माहिती फार मौल्यवान होती आणि प्रश्न फक्त तिची किंमत द्यावी की नाही एवढाच होता. हे गृहीतकच तपासायला हवे.

डेट्रिकच्या लोकांना जिवाणू कसे वाढवायचे, हवेतून कसे पसरवायचे, हे जपान्यांकडून शिकण्याची फारशी गरज नव्हती. त्यांना हवा होता तो एकच आकडा: माणसाला आजारी पाडायला किती जिवाणू पुरतात. प्राण्यांवरून माणसाचा अंदाज बांधताना फार चूक होते, म्हणून हा आकडा त्यांना मोलाचा वाटला. पण तो आकडा ज्यांच्याकडून आला ते स्वतःचा गळा फासातून सोडवण्यासाठी बोलत होते. मूळ नोंदींपैकी पुष्कळशा जाळल्या गेल्या होत्या आणि बरेचसे आठवणीतून सांगितले जात होते. असा आकडा कुणी पुन्हा पडताळू शकत नाही, कारण पडताळण्यासाठी पुन्हा माणसे मारावी लागतील. माझ्या विद्यार्थ्याने अशा स्रोतातली आकडेवारी आणली तर मी ती परत करीन.

आणखी एक गोष्ट. १९५४ पासून त्याच डेट्रिकमध्ये स्वयंसेवक सैनिकांवर, त्यांची संमती घेऊन, क्यू ज्वरासारख्या उपचार होऊ शकणाऱ्या रोगांचे प्रयोग सुरू झाले आणि ते १९७३ पर्यंत चालले. त्या प्रयोगांवरही आक्षेप आहेत, कारण सैनिकाची संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न राहतोच. पण मारेकऱ्यांकडून विकत घेतलेली माहिती खरोखर इतकी पुरेशी होती, तर सात वर्षांत स्वतःचे प्रयोग का उभारावे लागले? हा माझा निष्कर्ष नाही, प्रश्न आहे. मात्र उत्तर देताना तो टाळता येणार नाही.

---

वादी-प्रतिवादी

न्यायालयाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण टोकियो खटल्यातला एक क्षण या संदर्भात फार बोलका आहे.

मे १९४६ ते नोव्हेंबर १९४८ या काळात ११ देशांच्या न्यायाधीशांपुढे २८ जपानी नेत्यांवर खटला चालला. २९ ऑगस्ट १९४६ रोजी डेव्हिड सटन हे अमेरिकी वकील नानकिंग या चिनी शहराविषयीचा एक अहवाल वाचत होते. त्यात मध्येच एक वाक्य आले, की तामा नावाच्या जपानी पथकाने चिनी कैद्यांना वैद्यकीय प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यावर विषारी सीरमचा परिणाम तपासला. अध्यक्ष न्यायमूर्ती वेब यांनी विचारले, की या कथित प्रयोगांबद्दल तुम्ही आणखी काही पुरावा देणार आहात का? सटन यांनी सांगितले, की या विषयावर अधिक पुरावा देण्याचा तूर्त विचार नाही. बचाव पक्षाने हरकत घेतली, ती मान्य झाली आणि न्यायालय पुढच्या विषयाकडे वळले.

दोन वर्षांहून अधिक चाललेल्या खटल्यात या विषयाच्या वाट्याला आलेला वेळ एवढाच. आणि त्याच काळात, त्याच शहरात, फिर्यादी पक्षातल्याच एका सरकारचे गुप्तवार्ता अधिकारी इशिई आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी बोलत होते.

नेदरलँड्सचे न्यायमूर्ती रोलिंग त्या खंडपीठावर होते. पॉवेल यांचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा ते हयात होते. अत्यंत घृणास्पद असे युद्धगुन्हे अमेरिकी सरकारने आपल्या न्यायालयापासून लपवून ठेवले, हे आता कळणे हा आपल्यासाठी कडवट अनुभव आहे, अशा आशयाची प्रतिक्रिया त्यांनी दिली. आपल्यापैकी अनेकांना त्याच खंडपीठावरील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे भिन्न निकालपत्र ठाऊक असते. सर्व आरोपींना दोषमुक्त ठरवणारे, विजेत्यांच्या न्यायावर बोट ठेवणारे ते निकालपत्र एका अर्थाने अपुऱ्या पुराव्यावर लिहिले गेले, कारण पाल १९६७ मध्ये वारले आणि हे कागद त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत. त्यांचे मत बदलले असते की विजेत्यांवरचा त्यांचा आक्षेप अधिक तीव्र झाला असता, हे आपण सांगू शकत नाही. पण न्यायाधीशाला पुरावा नाकारणे म्हणजे त्याच्याकडून न्यायच काढून घेणे आहे, आणि ते त्या अकराही जणांच्या बाबतीत घडले.

---

समास

एक अडचणीचा मुद्दा मांडतो, तो कुणीतरी मांडायलाच हवा. पॉवेल हे तटस्थ गृहस्थ नव्हते. शांघायमधून ते एक इंग्रजी नियतकालिक चालवत. कोरियन युद्धात अमेरिकेने जैविक अस्त्रे वापरल्याचा चीन आणि उत्तर कोरियाचा आरोप त्यांनी त्यात छापला. त्यावरून १९५६ मध्ये त्यांच्यावर, त्यांच्या पत्नीवर आणि एका सहकाऱ्यावर राजद्रोहाचे आरोपपत्र दाखल झाले. १९५९ मध्ये खटला रद्दबातल ठरला आणि १९६१ मध्ये आरोप मागे घेतले गेले. पुढे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही सोव्हिएत कागदांवरून कोरियातला तो आरोप रचलेला होता असे अनेक अभ्यासक मानतात; वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. मग जो माणूस एका जैविक युद्धाबद्दल बहुधा चुकला, त्याने दुसऱ्याबद्दल जे लिहिले ते डोळे मिटून का स्वीकारावे?

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

समास, डोळे मिटून मुळीच स्वीकारू नये. उलट, तुमच्या प्रश्नातच या प्रकरणाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

डिसेंबर १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने खाबारोव्स्क येथे जपानी सैन्यातील १२ जणांवर, त्यांत बहुतेक अधिकारी, खटला चालवला. पिंगफांगमध्ये काय चालत होते ते बहुतेक सगळे त्या साक्षींमध्ये आले. पुढच्याच वर्षी त्यांचे इंग्रजी भाषांतर मॉस्कोहून प्रसिद्ध झाले आणि ते कुणालाही वाचायला उपलब्ध होते. पाश्चात्त्य देशांत ते प्रचार म्हणून बाजूला सारण्यात आले. सोव्हिएत खटल्यांचा तोवरचा इतिहास पाहता हा संशय निराधार नव्हता. १९३० च्या दशकात मॉस्कोत रचलेले कबुलीजबाब साऱ्या जगाने पाहिले होते. पण जे लोक 'हा प्रचार आहे' असे म्हणत होते, त्यांच्यातल्या काहींच्या कपाटात हिल यांचा अहवाल होता. प्रचार नाही हे त्यांना माहीत होते.

म्हणजे सत्य ३० वर्षे छापील स्वरूपात उघड्यावर पडून होते आणि ते सांगणारा नावडता आहे एवढ्या बळावर लपून राहिले. पॉवेल यांच्या बाबतीतही हीच युक्ती चालली असती. खटल्याने त्यांची पत्रकारिता संपवली होती, नंतरची वर्षे त्यांनी पत्रकारितेबाहेरच्या कामांवर काढली. म्हणूनच त्यांनी १९८१ मध्ये स्वतःचा शब्द पुढे केला नाही, सरकारचा केला. तार, टिपण, अहवाल, तारीख, सही. त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही, आणि कोरियाबद्दल ते चुकले असतील तरी हिल यांच्या अहवालातले एक अक्षरही त्यामुळे बदलत नाही.

एक गोष्ट मात्र मला नीट नोंदवायला हवी. पॉवेल यांच्याआधी, १९७० च्या दशकात, जपानमध्ये हारुको योशिनागा या दूरचित्रवाणी पत्रकार युनिटच्या जुन्या सदस्यांची दारे ठोठावत फिरल्या होत्या आणि त्यांचा माहितीपट प्रसारितही झाला होता. त्यांचे नाव अशा चर्चांमध्ये क्वचितच येते. पहिल्या मजकुरात माझ्याकडूनही ते राहून गेले, हे बरोबर झाले नाही.

---

समास

उत्तर पटले. कागद तपासावा, माणूस नव्हे, हे मान्य. पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. सेइइची मोरिमुरा यांनी १९८१ मध्ये याच विषयावर लिहिलेले पुस्तक जपानमध्ये प्रचंड खपले आणि कित्येकांनी युनिट ७३१ हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात जी छायाचित्रे युनिटची म्हणून छापली होती, त्यांतली काही प्रत्यक्षात १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगच्या साथीची निघाली. प्रकाशकाने पुस्तक बाजारातून मागे घेतले आणि नंतर दुसऱ्या प्रकाशकाने ते त्या छायाचित्रांशिवाय काढले. मजकूर मोठ्या अंशी खरा होता, पण इन्कार करणाऱ्यांच्या हाती त्या चुकीने जे कोलीत दिले ते ते आजवर फिरवत आहेत.

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

अगदी खरे आहे. अशा विषयात एक चुकीचे छायाचित्र शंभर खऱ्या साक्षींना झाकून टाकते. मृतांच्या बाजूने लिहिणाऱ्याला चूक परवडत नाही, आणि इन्कार करणाऱ्याला मात्र ती रोज परवडते.

---

नदीपलीकडे

फ्रान्समधले एक प्रकरण इथे ठेवते, कारण ते शेवटी वेगळ्या दिशेने गेले. क्लाउस बार्बी हा लियाँ शहरातल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, प्रमुख. १९४७ पासून अमेरिकी लष्कराच्या प्रतिगुप्तवार्ता विभागाने त्याला खबऱ्या म्हणून वापरले, फ्रेंच त्याला शोधत असताना लपवले आणि १९५१ मध्ये बोलिव्हियाला पाठवून दिले. नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या बेआटे क्लार्सफेल्ड यांच्या पाठपुराव्यामुळे तो उघडा पडला आणि १९८३ मध्ये फ्रान्सच्या ताब्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्याचे अ‍ॅलन रायन यांनी सविस्तर चौकशी अहवाल लिहिला, स्वतःच्या लष्कराने न्यायात अडथळा आणल्याचे त्यात मान्य केले आणि अमेरिकेने फ्रान्सकडे खेद व्यक्त केला. बार्बीला १९८७ मध्ये जन्मठेप झाली.

सौदा त्याच जातीचा, त्याच वर्षातला. मग एकात चौकशी आणि खेद, आणि दुसऱ्यात मौन, असे का? मला एक कारण असे दिसते की फ्रान्स मित्रदेश होता आणि त्याच्या मागणीला वजन होते. चीनच्या खेड्यांतल्या लोकांच्या मागणीला कुणाच्या दरबारात वजन होते?

---

पेट्रीपात्र

नदीपलीकडे यांच्या प्रश्नाला जोडून एक माहिती देते. या सौद्यात सुटलेल्या लोकांचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. इशिई १९५९ मध्ये घशाच्या कर्करोगाने वारले, कधीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न राहता. बाकीच्यांपैकी अनेक जण वैद्यकीय महाविद्यालयांत, संशोधन संस्थांत, औषध उद्योगात मानाच्या जागांवर गेले. र्‍योइची नाइतो हे १९४५ मध्ये पहिल्या अमेरिकी चौकशी अधिकाऱ्याचे दुभाषी होते, म्हणजे ज्याची चौकशी व्हायची तोच चौकशीचे भाषांतर करत होता. त्यांनी १९५० मध्ये जपानची पहिली खासगी रक्तपेढी काढली. तीच पुढे ग्रीन क्रॉस कंपनी झाली, आणि १९८० च्या दशकातल्या एचआयव्ही-दूषित रक्तघटकांच्या प्रकरणात त्या कंपनीच्या तीन माजी अध्यक्षांना २००० मध्ये शिक्षा झाली. त्या वेळेपर्यंत नाइतो हयात नव्हते, आणि दोन घटनांमध्ये सरळ रेषा ओढणे मला चुकीचे वाटते. तरीही रुग्णाला कच्चा माल समजण्याची सवय लागलेल्या माणसांच्या हाती एखाद्या संस्थेचा पाया घातला गेला, हे मला विसरता येत नाही.

---

उत्तरायण

मी सुरुवातीला जे लिहिले त्याचा एक भाग मागे घेतो. शत्रूच्या हाती तपशील पडू नये, हा मुद्दा १९४९ नंतर टिकत नाही, कारण खाबारोव्स्कमध्ये ते तपशील उघडच झाले होते. त्यानंतरही ३० वर्षे कागद बंद का राहिले, याचे माझ्याकडे उत्तर नाही. १९४७ च्या अधिकाऱ्याविषयीची माझी सहानुभूती थोडी शिल्लक आहे, पण १९५० च्या अधिकाऱ्याविषयीची संपली.

पण मग विचारतो: आता तरी सगळे उघड झाले आहे का?

---

वादी-प्रतिवादी

काही प्रमाणात. अमेरिकेचा माहितीस्वातंत्र्य कायदा १९६६ चा, पण त्याला दात आले ते १९७४ च्या दुरुस्तीने, आणि तीही राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार ओलांडून संमत झाली. १९९८ मध्ये नाझी युद्धगुन्ह्यांची आणि २००० मध्ये जपानी युद्धगुन्ह्यांची कागदपत्रे खुली करण्याचे स्वतंत्र कायदे झाले. २००७ पर्यंत सुमारे ८० लाख पाने खुली झाली, त्यांत जपानविषयक पानांचा वाटा फार छोटा आहे. याचे एक साधे कारण असे, की युद्धात जप्त केलेली जपानी दप्तरे १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानला परत करण्यात आली आणि त्यांपैकी फारच थोड्यांच्या सूक्ष्मप्रती अमेरिकेत ठेवल्या गेल्या. म्हणजे एका सरकारच्या कपाटाची किल्ली मिळेपर्यंत कागद दुसऱ्या सरकारच्या कपाटात गेले होते.

जपानमध्ये इतिहासकार साबुरो इएनागा यांनी पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध तीन दशके न्यायालयात लढा दिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निदान एवढे मान्य करून दिले, की त्यांच्या पुस्तकातून युनिट ७३१ चा उल्लेख काढायला लावणे बेकायदा होते. त्याच वर्षी १०८ चिनी वादींनी टोकियोत दावा दाखल केला; पुढे वादींची संख्या १८० झाली. त्यांच्या वतीने पुढे उभ्या राहिलेल्या वांग श्वान यांचे मूळ गाव चोंगशान, जिथे १९४२ च्या प्लेगमध्ये घरेच्या घरे बसली. २७ ऑगस्ट २००२ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने जपानी सैन्याने चीनमध्ये जैविक अस्त्रे वापरली हे सत्य म्हणून मान्य केले आणि नुकसानभरपाई नाकारली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. वकील म्हणून मला त्या निकालाची कायदेशीर बाजू समजते. माणूस म्हणून इतकेच म्हणतो, की तुमच्या आईला कुणी मारले हे न्यायालयाने मान्य केल्यावर रिकाम्या हाताने घरी परतणे काय असते, याची कल्पना मला करता येत नाही.

---

पेट्रीपात्र

उत्तरायण यांच्या प्रश्नाला अलीकडची एक नोंद. २०१८ मध्ये शिगा वैद्यकीय विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक कात्सुओ निशियामा यांच्या मागणीवरून जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने युनिट ७३१ च्या ३,६०७ सदस्यांची यादी जवळजवळ संपूर्ण स्वरूपात दिली. निशियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी क्योतो विद्यापीठाकडे युनिटच्या एका अधिकाऱ्याला मिळालेली डॉक्टरेट तपासण्याची मागणी केली. प्रबंधाचा विषय पिसवांमार्फत होणारा प्लेग. प्रयोग माकडांवर केल्याचे त्यात लिहिले आहे. लक्षणांमध्ये ताप आहे, भूक मंदावणे आहे, आणि डोकेदुखी आहे.

मी आजवर अनेक प्राण्यांच्या नोंदी तपासल्या आहेत. ताप मोजता येतो, खाणे कमी झाले हे दिसते. डोके दुखते हे मात्र सांगावे लागते.

---

नदीपलीकडे

सदस्यांची नावे मिळाली. कैद्यांची नावे कुठे आहेत का? सगळीकडे मला फक्त 'मारुता' आणि क्रमांकच दिसतात.

---

दस्तऐवज (धागाकर्ता)

काही आहेत, आणि ती अनपेक्षित जागी सापडली. कैद्यांना पिंगफांगला पाठवण्याचे काम जपानी लष्करी पोलीस करत आणि खटल्याशिवाय तिकडे धाडण्याला ते 'विशेष पाठवणी' म्हणत. युनिटने आपले कागद जाळले, पण पोलिसांच्या दप्तरातले काही कागद मांचुरियातच राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हेइलोंगजियांग आणि जिलिन प्रांतांच्या अभिलेखागारांत त्यांचे गठ्ठे मिळाले. त्यांत ज्यांना पाठवायचे त्यांची माहिती रीतसर भरलेली आहे: नाव, वय, व्यवसाय, पत्ता, कशावरून पकडले, आणि पाठवणी का करावी याविषयी अधिकाऱ्याचे मत. या नावांवरून चीनमधल्या काही कुटुंबांना आपला माणूस कुठे गेला हे पन्नासहून अधिक वर्षांनी कळले.

मी त्यातली काही पाने भाषांतरात वाचली आहेत. उद्यापासून ती इथे, याच धाग्यावर, एक-एक करून मराठीत द्यायला सुरुवात करतो.